ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

डाळीच्या डब्यात ठेवलेल्या पैशांचा एक मोठा गुण होता: ते बोलत नसत. खात्यातले पैसे बोलतात. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार २०२४ च्या ऑगस्टपासून बायकांच्या खात्यावर पडू लागले. खाते तिचे, आधार तिचे. पण मेसेज अनेक घरांत वाजतो तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मोबाइलवर, कारण खाते उघडताना घरात फोन एकच होता आणि फॉर्मवर त्याचाच नंबर गेला. तिला कळायच्या आत त्या पैशांचे काय करायचे ते ठरलेले असते.

२०२५ मध्ये याच योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारचीही ओटीपीने पडताळणी मागितली गेली. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा कुटुंबाची आहे, त्यामुळे सरकारी हिशेबात ते बसते. पण जिला नवराही नाही आणि वडीलही नाहीत, तिने ओटीपी कुणाचा आणायचा? सरकारला तिच्यासाठी नंतर वेगळी वाट काढावी लागली. अशी बाई आधी कुणाला आठवली नाही, हे मला जास्त खुपते.

उलट माणदेशात पाहा. म्हसवडच्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांसोबत स्वतःच्या बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटर न घेता करावा, असे सुनावले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे डिजिटल व्यवहार आले, तेव्हा त्यांनी पिन नाकारला. पिन कुणीही चोरील, अंगठा कोण चोरणार, असे त्यांचे म्हणणे. (शेतात राबून रेषा झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही, हा जाच वेगळाच.) निरक्षरतेची खूण म्हणून हिणवलेला अंगठा त्यांनी स्वतःचे कुलूप केला. पैसे आपल्या ताब्यात कसे राहतील, हे बाईलाच विचारले तर असे उत्तर मिळते.

जनधन योजनेची निम्म्याहून जास्त खाती बायकांची आहेत, हे भाषणांत अभिमानाने सांगितले जाते. त्यांतल्या किती खात्यांना बाईचा स्वतःचा नंबर जोडलेला आहे, तेही त्याच भाषणात सांगा. आणि वाचकहो, तुमच्या आईच्या, बायकोच्या, घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या खात्याला कुणाचा नंबर आहे ते विचारा. तुमचा असेल तर बँकेत जाऊन बदलून द्या.