पूजेतला कोयता

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या पाटोदा तालुक्यात ओसरीवर पाट मांडला जातो. त्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार आणि मधोमध कोयते. पावसाळाभर माळ्यावर पडून पात्यांना गंज चढलेला असतो, म्हणून माझी आई आदल्या दिवशीच ते राखेनं घासून तेलाचं बोट फिरवून ठेवायची. मग हळदीकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. पूजा झाली की त्या दिवशी यातल्या कशालाच हात लावायचा नाही. घरातली विळीसुद्धा पाटावर, त्यामुळे भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवलेली.

ही पूजा नेमकी कशाची? लोखंडाची म्हणावं, तर माळ्यावर तेच लोखंड गंजत पडलेलं असतं आणि कुणी हात जोडत नाही. धारेची म्हणावं, तर कापणं एवढंच जिचं काम त्या धारेपुढे गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसानं का वाकावं? माझे वडील माळकरी होते. भगवानबाबांना मानणारं घर. बाबांचा जन्म १८९६ सालचा, आमच्याच तालुक्यातल्या सावरगाव घाटचा. त्यांनी माणसांना वारीला लावलं, मांसमद्य सोडायला लावलं. त्या घरात कोयत्याला कुंकू लागतं आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो, मला ती दिसते, आणि नुसतं ‘प्रथा आहे’ म्हणून मला ती सोडून देता येत नाही.

याचं उत्तर शोधताना मला एक शिबिर आठवतं. सौताड्याजवळ आमचं विद्यार्थ्यांचं शिबिर असतं. विंचरणा नदी तिथं खोल दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. एका वर्षी एका मुलानं मामाकडून मागवलेला स्वीडनचा मोरा चाकू आणला होता. न मिटणारं, चार इंचांचं पातं, हातात न घसरणारी रबरासारखी मूठ, कमरेला अडकवायची प्लॅस्टिकची म्यान. दुसऱ्याच्या पिशवीत गोणपाटात गुंडाळलेला कोयता होता, ट्रकच्या कमानपाट्यातून लोहारानं घडवलेला. दोघांची चढाओढ सुरू झाली. ‘सर, तुम्हीच सांगा, रानात कोणता चांगला?’ मी म्हटलं, कामाला लावून बघा.

मोऱ्यानं कांद्याच्या चकत्या इतक्या पातळ उतरवल्या की पलीकडचं दिसावं. सुतळी एका ओढीत तुटली. बाभळीच्या वाळक्या काडीवरून त्या मुलानं पिसासारखे ढलपे काढले, ते काडीला चिकटूनच राहिले, आणि त्या एका काडीवर चूल पेटली. कोयत्यानं कांदा चेंगरला. पण मनगटाएवढं लाकूड त्यानं दोन घावांत फोडलं. मोऱ्याला ते जमलं नसतं, कारण त्या चाकूचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं नसतं. पाठीवर ओंडक्यानं ठोकून लाकूड फोडायला तो केलेलाच नाही. पुढे कोयता दगडावर आपटला आणि धार वळली. मुलानं पायाच्या अंगठ्याशी पातं दाबून चार-पाचदा कानस फिरवली, झालं काम. मोरा तसा आपटता तर टवका उडाला असता आणि मग तासभर दगडावर घासत बसावं लागलं असतं. कडक पोलाद धार टिकवतं पण टिचतं. नरम पोलाद वळतं पण कानशीचं लगेच ऐकतं. आमचा कोयता मुळात ऊसतोडीचा, आणि ऊस तोडायचा तो जमिनीलगत, मातीत घाव घालून, कारण साखर बुंध्याकडे जास्त असते आणि वर बुडखा राहिला तर खोडवा नीट फुटत नाही. तिथं ढेकूळ, खडा लागायचाच. त्या फडात कडक पोलादाचा सुंदर चाकू दुपारपर्यंत टिकणार नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, पहिल्याच भागात, सॉक्रेटिस अगदी हीच तुलना करतो. द्राक्षवेलीची फांदी खंजिरानंही कापता येते, पटाशीनंही. पण छाटणीसाठीच घडवलेल्या विळ्याइतकी नीट ती कशानंच कापली जात नाही. म्हणजे जे काम फक्त तीच वस्तू करू शकते, किंवा इतरांपेक्षा नीट करते, ते तिचं काम, आणि ते नीट करता येणं हा तिचा गुण. चुलीपाशी बसून मी हे सांगितलं तेव्हा मुलांना चटकन पटलं. कोयताही चांगला, मोराही चांगला, आपापल्या जागी.

एवढ्यानं खंडेनवमीचं कोडं मात्र सुटत नाही. जेजुरीचा खंडा, ती अवजड तलवार, घ्या. दसऱ्याला तो उचलण्याची स्पर्धा होते. बेचाळीस किलोच्या आसपास वजन, गडी हात लांबवून तो धरतात, कुणी दातांत धरून तोलतो. त्या खंड्यानं आज कुणी काही कापत नाही. सॉक्रेटिसाच्या हिशेबानं तो बिनकामाचा, आणि तरी हजारो लोक त्यापुढे भंडारा उधळतात. तेव्हा पूजा कापण्याच्या गुणाची नाही, हे नक्की. कोयत्याचा वापर कशासाठी झाला यावरही ती अवलंबून नाही. त्याच कोयत्यानं कुणी माणसावर वार केला तर पाप पात्याला लागत नाही, हे आपला कायदाही जाणतो: १९५९च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी केलेली वस्तू शस्त्रात धरलेली नाही. पुण्य मात्र पात्याला लागतं, असं म्हणणं त्याच न्यायानं टिकत नाही.

मला उत्तर सापडलं ते ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात. अद्वैत मराठीत आणणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आमच्या जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या डोंगरात आहे. पण ज्या विचारावर त्यांचा ‘विवेकसिंधु’ उभा आहे, त्यातला हा सुताराचा दाखला मी फार उशिरा नीट वाचला. आत्मा मुळातच कर्ता आहे की कर्तेपण त्याला बाहेरून चिकटलेलं आहे, असा तिथं प्रश्न आहे. शंकराचार्य भाष्यात म्हणतात तो मुद्दा असा: हातात वाकस घेतलेला सुतार कर्ता असतो आणि दुःखी असतो, तोच सुतार घरी आला, हत्यारं खाली ठेवली, की स्वस्थ असतो, सुखी असतो. कर्तेपण हत्याराच्या संगतीनं आलेलं आहे. ते स्वभाव असतं, तर माणसाला त्यातून कधीच सुटता आलं नसतं.

खंडेनवमीला माझ्या घरात नेमकं हेच घडत होतं. वर्षात एक दिवस हत्यार पाटावर आणि माणूस समोर, मोकळ्या हातानं. पूजेतला महत्त्वाचा भाग कुंकू नव्हे, तर त्या दिवशी हात न लावणं. पूजा करणारा आणि पूजेला ठेवलेली वस्तू वेगळे आहेत, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. माळकरी माणसानं धारेपुढे वाकण्यात म्हणूनच विसंगती नाही. तो त्या घटकेला धार खाली ठेवणारा माणूस असतो. हे माझं मत आहे, पंडितांना कदाचित पटणार नाही. मी त्यावर ठाम आहे.

आणि म्हणूनच दसऱ्यानंतर जे होतं, ते मला धर्माच्या बाजूनंही सहन होत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, एकटा माणूस अर्धा. टोळीत किती कोयते, एवढंच विचारतात. सॉक्रेटिस विळ्यावरून माणसाकडे वळतो तेव्हा जपून वळतो: माणसातल्या आत्म्याचं काम जगणं, आणि त्याचा गुण न्याय. इथं विळ्याचा हिशेब जसाच्या तसा माणसाला लावलेला असतो. कारखान्यावर राहायची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहिली की पहाटे अंधारात फडात जायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री भरायची असेल तर रात्री. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, आणि खाड्याचा दंड पुष्कळदा दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त. वळलेल्या कोयत्याला कानस लावायला थांबता येतं; वळलेल्या कमरेसाठी थांबलं की पैसे कापले जातात.

माझ्या आईचं बाळंतपणानंतरचं रक्त थांबलेलं नसताना ती मोळ्या वाहत होती. ती म्हणायची, ‘लेका, कोयता ठिवला तर उचल कोण फेडीन?’ पुढे तिनंही ‘पिशवी’ काढून घेतली, तिच्या बरोबरीच्या कितीतरी जणींसारखी. २०१९ साली राज्य सरकारनं याची चौकशी करायला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचे दिवस आणि पोटातली दुखणी म्हणजे खाडा, हा त्यामागचा हिशेब आमच्या गावात कुणालाही विचारा. हत्यार खाली ठेवता येत नाही, म्हणून शरीराचाच एक भाग काढून टाकायचा. सुताराच्या त्या दाखल्याला याहून भयंकर उलटं रूप मला ठाऊक नाही.

जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. वाढ हवीच होती. पण टनावर मिळणारा पैसा कितीही वाढला तरी तो तोडलेल्या उसाचाच असतो, न तोडलेल्या दिवसाचा नसतो. करारात पगारी सुट्टी हवी, बाळंतपणाची रजा हवी, आणि खाड्याचा दंड बंद व्हायला हवा. ही मागणी संघटनांची आहे आणि मी ती धर्माचीही मानतो. दसऱ्याला सावरगावला आणि गडागडांवर आमची माणसं हजारोंनी जमतात, त्यानंतर दिवाळी उरकून ट्रक भरतात. तिथं कीर्तनाला, भाषणाला जे उभे राहतील त्यांनी पुढच्या वर्षी खाड्यावर बोलावं. समोर बसलेल्यांतला प्रत्येक जण आदल्या दिवशी आपलं हत्यार पाटावर ठेवून आलेला असेल. त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुकादमही त्याच गर्दीत असतात, त्यांच्याही घरी खंडेनवमी असते.