भिंतीच्या आत

लंडनच्या एका उपनगरात सहा मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर एक परिचारिका राहायची. दुसरं मूल होणार होतं, जागा अपुरी पडणार होती, म्हणून तिने फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक आलं, भाव ठरला. मग गिऱ्हाईकाच्या बँकेने 'ईडब्ल्यूएस 1' नावाचा फॉर्म मागितला.

साल होतं 2020. तीन वर्षांपूर्वी, 14 जून 2017 ला मध्यरात्रीनंतर, लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला आग लागली होती. भिंतीवर बाहेरून बसवलेल्या आवरणाने, म्हणजे क्लॅडिंगने, पेट घेतला आणि 72 माणसं गेली. भिंतीत काय भरलंय हे तज्ज्ञाने या फॉर्मवर लिहून दिल्याशिवाय अनेक बँका अशा इमारतींतल्या फ्लॅटवर कर्ज देईनात. कागद नसला, की घराची किंमत शून्य पौंड धरायच्या.

परिचारिकेने इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. फॉर्म एका फ्लॅटचा नसतो, अख्ख्या इमारतीचा असतो. तो इमारतीच्या मालकाने किंवा त्याच्या कंपनीनेच करून घ्यायचा. उत्तर आलं नाही. ती शेजाऱ्यांकडे गेली. पाचव्या मजल्यावरचा बसचालक म्हणाला, "मला कुठे घर विकायचंय?" बाकीचेही तेच म्हणाले. गिऱ्हाईक निघून गेलं.

हिवाळ्यात बसचालकाच्या कर्जाची ठरावीक व्याजाची मुदत संपली. कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला गेला, तर तिथेही तोच फॉर्म. त्याने खाली येऊन परिचारिकेचं दार वाजवलं. तिने त्याला काही ऐकवलं नाही. बाळाला कडेवर घेऊन ती त्याच्याबरोबर दारोदार फिरली. सगळ्या घरांच्या सह्यांचं एकच पत्र गेलं, तेव्हा कुठे तपासनीस आला.

त्याने बाहेरचा एक पत्रा उघडला. आत पिवळट फोम होता, आणि मजल्यामजल्याच्या सांध्यात आग अडवणारी पट्टीच नव्हती. फॉर्मवर त्याने 'बी 2' लिहिलं. म्हणजे दुरुस्ती हवी.

विक्री आणखी लांबली. आग लागली तर सावध करायला जिन्यात रात्रंदिवस पहारा बसला आणि त्याचा खर्च रहिवाशांच्याच माथी आला. हा अन्याय होता. भिंत त्यांनी बांधली नव्हती.

परिचारिकेला कागद हवा होता विक्रीसाठी. पण भिंतीत काय आहे हे कळण्याची गरज घर न विकणाऱ्यांना जास्त होती, कारण ते तिथेच झोपणार होते.

पुढे 2022 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या किमान 11 मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींत, दीर्घ भाडेपट्ट्याने फ्लॅट घेतलेल्या पात्र लीजधारकांकडून क्लॅडिंगच्या दुरुस्तीचा खर्च घ्यायला बंदी केली. तरी कागद मागायचं काम रहिवाशांनाच करावं लागतं. तुमच्या दाराशी कुणी असं पत्र घेऊन आलं, तर घर विकायचं नसलं तरी सही करा.