निवाडा कोणाचा?

दिग्रसहून दोन रुग्ण मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेले, असे समजू: रक्ताचा कर्करोग झालेले बालक आणि स्वादुपिंडाचा पसरलेला कर्करोग झालेले गृहस्थ. केमोथेरपीने बालक बहुधा बरे होते. गृहस्थांचे आयुष्य काहीसे वाढते, इतकेच. मग आम्ही पाप-पुण्याचा हिशेब मांडतो.

कारण मात्र पेशींत असते. औषधाने इजा होताच स्वतःहून मरण्याची क्षमता काही कर्करोगपेशींत शाबूत असते. काहींनी ती गमावलेली असते. बालकांचा हा रोगही १९४८ साली अमिनोप्टेरिनने काही काळच ओसरला होता. पुढे अनेक औषधे एकत्र दिल्यावर तो बरा होऊ लागला.

म्हणून ‘असाध्य’ हे विशेषण रोगाचे आहे, रोग्याचे नव्हे. ज्यांना औषध वाचवीत नाही, त्यांच्या उशाशी निवाडा न करता बसणे, एवढे तरी आम्हांला साध्य आहे.