मटाराचे परोपकार

परोपकारी माणसाबद्दल मला पहिल्यापासून संशय आहे. बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला तो असायचाच. कोणी फार हसत नोट पुढे केली, की आम्ही ती आधी उजेडात धरतो.

तरीही शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "मटार लावा हो, शेजारच्या झाडाला फुकट खत घालतो," तेव्हा त्या 'फुकट'पाशी माझा संशय पांगळा झाला. घरामागे दहा बाय चार फुटांची जागा होती. दसऱ्याला मका पेरला, दिवाळीला त्याच्या पायथ्याशी मटार. मक्याने आधार द्यायचा, मटाराने नत्र. मटाराला जे बारीक दोरे फुटतात त्यांना वनस्पतिशास्त्रात तणावे म्हणतात. (आमच्या शाखेत ते मार्चअखेरीस फुटतात.) त्या तणाव्यांनी वेल मक्याला असा बिलगला, की आमची ही म्हणाली, "बघा, जरा शिका!"

पण डिसेंबरात पाहतो तर मटार हिरवागार आणि मका पिवळट. म्हणजे जामीन घेतला आणि हप्ता बुडवला! तक्रार घेऊन गेलो, तर मास्तरांनी एक जाडजूड पुस्तक हातात ठेवले. त्यात खरा करार सापडला. हवेत 78 टक्के नत्र असते, पण झाडाला ते तसेच्या तसे घेता येत नाही. कॅशियरसमोर नोटांची थप्पी असते, तसेच हे. मटाराच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतले नत्र पकडून मटाराला देतात, बदल्यात त्याची साखर खातात. हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोन जर्मनांनी 1886 साली ही भानगड उजेडात आणली. मी एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी निघाली. म्हणजे कारखाना चालू होता. पण या व्यवहारात मक्याचे नावच नाही! जिवंतपणी मटार शेजाऱ्याला देतो ते फार थोडे. बरेचसे नत्र शेंगांत जाते आणि त्यांची आपण उसळ करतो. उरले ते मुळांत आणि पाल्यात. झाड मरून कुजले, की पुढच्या पिकाला मिळते. मुदतठेव, तीही वारसाच्या नावे.

मग याला परोपकारी म्हणायचे कसे? स्वतःचे पोट भरताना मागे जे राहिले, ते आपल्या कामी आले, तर आभार कोणाचे आणि कशाबद्दल मानायचे?

खरे म्हणजे हा प्रश्न मला मटाराच्या आधी दादाने घातला होता. दादा दहावीनंतर गॅरेजात लागला म्हणून मी बी. कॉम. झालो, हे आमच्या घरचे अधिकृत पुराण. 1996 ते 1999, दर महिन्याला त्याची मनीऑर्डर यायची. त्या उपकाराला मी मनातल्या मनात चक्रवाढ व्याज लावत आलो. त्याच दिवाळीत भीतभीत म्हटले, "दादा, धाकटीच्या फीचं मी बघतो."

"बघ की. पण जुनं काही फेडायला म्हणून नको," तो चकली मोडत म्हणाला. "मलाच शाळा नको होती रे. गणिताच्या छडीतून सुटायला तुझं कॉलेज हे बरं निमित्त सापडलं."

झाले! पंचवीस वर्षांची बाकी एका चकलीबरोबर मोडली. शिवाय हे खरे, की माझा बोजा उतरावा म्हणून रचलेले? सही ताडून पाहायला नमुना कुठून आणायचा? स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला हळूच विचारले.

"मला काय ठाऊक, भावजी," ती म्हणाली. "तुमची अकाउंटन्सीची पुस्तकं ट्रंकेत आहेत, तेवढं ठाऊक आहे. दर मे महिन्यात हे त्यांना ऊन दाखवतात."

जानेवारीअखेर शेंगा संपल्या. वेल उपटायला हात घातला, मग उठून कात्री आणली आणि जमिनीलगत कापले. शेवटच्या किलोभर शेंगा दादाकडे नेऊन दिल्या. त्याने पिशवी हातावर तोलली.

"मुळं उपटलीस का?"

"नाही."

"मग त्या जागेवर आता मेथी टाक," दादा म्हणाला आणि शेंगा सोलायला बसला.