कुलूपबंद डिस्कमध्ये फोटो असतात का?

लिनक्सवर एन्क्रिप्टेड डिस्क जोडली की फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ‘५०० जीबी एन्क्रिप्टेड’ असं काहीसं नाव दिसतं. क्लिक केलं की पासवर्डची चौकट येते. पासवर्ड बरोबर असेल तर दोनेक सेकंद थांबायचं, की फोल्डर हजर: लग्नाचे फोटो, सातबारा, आईच्या आवाजातलं एखादं रेकॉर्डिंग.

क्षणापूर्वी हे सगळं कुठे होतं?

पडद्यामागे फाइल मॅनेजर यूडिस्क्स या सेवेला सांगतो आणि कर्नलमधलं डीएम-क्रिप्ट खऱ्या डिस्कवर एक आभासी डिस्क उभी करतं. फोटो उघडला की त्याच्यापुरतेच सेक्टर मेमरीत उलगडतात. डिस्कवरचा गिचमिडकाला जसाच्या तसा राहतो.

सांख्य तत्त्वज्ञांना हे ऐकून आनंद झाला असता. त्यांचा सत्कार्यवाद हेच सांगतो: कार्य कारणात आधीपासून असतं, तिळात तेल असतं तसं. पतंजलीच्या योगसूत्रांत, चौथ्या पादात, शेतकऱ्याचा दाखला आहे. शेतकरी पाणी ढकलत नाही, फक्त बांध फोडतो. पाणी आपलं आपण वाफ्यात उतरतं. रात्री दारं धरायला गेलेल्या कुणालाही हे पटेल. पासवर्ड म्हणजे तो कुदळीचा घाव.

पण लिनक्सवर अशा डिस्क ज्या पद्धतीने कुलूपबंद होतात, त्या लक्सची रचना पाहिली की हा दाखला अडखळतो. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी २००४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत डिस्कची खरी किल्ली पासवर्डहून वेगळी असते. ती यादृच्छिक असते आणि डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये, पासवर्डखाली झाकून ठेवलेली असते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत, लक्स-२ मध्ये, हा हेडर सहसा १६ एमबींचा. तेवढाच पुसला गेला, तर उरलेली जवळजवळ ५०० जीबी अक्षरन् अक्षर जागेवर असूनही एकही फोटो परत मिळत नाही. तीळ शाबूत, आणि तेलाचा पत्ता नाही!

इथे न्याय दर्शनाचा नैयायिक पुढे सरसावतो. कार्य आधी नसतंच, सगळी कारणसामग्री जुळली की ते उपजतं. धाग्यांत वस्त्र नव्हतं, विणल्यावर झालं. मग हेडरचा बॅकअप सापडला, की तोच चेहरा, तेच हसू, ठिपक्यासकट परत कसं येतं? नवं वस्त्र इतकं हुबेहूब जुनं निघत नाही. सांख्याचा हा प्रश्न चोख आहे.

दोघांचीही गल्लत एकाच ठिकाणी होते: ते डिस्कलाच उपादान, म्हणजे ज्यातून कार्य घडतं ते मूळ द्रव्य, धरून भांडतात. फोटोचं उपादान डिस्क आणि किल्ली मिळून बनतं, आणि त्या किल्लीची वाट कुणाच्या तरी स्मरणातून जाते. म्हणजे आईचा आवाज अर्धा कपाटातल्या डिस्कवर असतो, अर्धा एका माणसाच्या डोक्यात.

तो माणूस गेला तर? लक्स-२ मध्ये किल्लीसाठी ३२ पर्यंत खाने असतात. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देता येतो, आणि त्यातला कुठलाही एक पुरतो. बहुतेक घरांत पहिलाच भरलेला असतो. दुसरा बायकोच्या किंवा बहिणीच्या लक्षात राहील अशा शब्दांनी भरायला टर्मिनलमध्ये एक ओळ लिहावी लागते, आणि ती आजच लिहिता येते.