गाण्याचा धनी कोण?

एखाद्या गोष्टीचे कारण सापडले की तिचे मोल उतरते, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ झाली आहे. वसंतात पहाटे देवळाच्या आवारात दयाळ गाऊ लागला, तर 'हे गाणे कसले? ही तर संप्रेरकाची किमया' असे म्हणणारा कोणीतरी भेटतोच. या म्हणण्याची थोडी चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शास्त्राने सिद्ध केलेले आम्ही नाकारीत नाही. १९७६ साली अमेरिकेत नॉटबोम व अर्नोल्ड यांनी दाखवून दिले की, कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांत नराच्या मेंदूतील गायनकेंद्रे मादीच्या केंद्रांहून पुष्कळच मोठी असतात. पुढे नॉटबोम यांनी प्रौढ कॅनरी माद्यांस टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा त्यांची केंद्रे वाढली आणि त्या नरासारख्या गाऊ लागल्या. (माद्या सर्वत्र मुक्याच असतात असे नव्हे, अनेक जातींत त्या आपण होऊन गातात.) वृषणांत उपजणारे हे द्रव्य रक्तावाटे मेंदूत पोचते; तेथे त्याचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये पालटतो, आणि दोन्ही मिळून गायनकेंद्रांना जाग आणतात.

मग पक्ष्याचे स्वतःचे असे काय उरले? येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. वृषणे काढलेल्या काही कॅनरी नरांच्या मेंदूत, ज्या भागातून समागमाची प्रेरणा उठते केवळ तेथेच, टेस्टोस्टेरॉन ठेवण्यात आले. ते पक्षी उदंड गायले. परंतु गाणे काही सुधारले नाही. ज्यांच्या सर्व शरीरात ते द्रव्य खेळत होते, त्यांचेच गाणे घोटीव झाले. गाण्याची ओढ निराळी आणि गाण्याची सिद्धी निराळी, हे यावरून उघड आहे. (आमच्या भजनी मंडळांतही हा भेद कानी पडतो, पण ते असो.)

शिवाय केंब्रिजच्या थॉर्प यांनी १९५०च्या दशकात शाफिंच पक्ष्याची पिले एकांतात वाढविली. त्यांचे शरीर धडधाकट होते, तरी वडीलधाऱ्यांचे गाणे कानी न पडल्यामुळे त्यांचे गाणे ओबडधोबडच राहिले. म्हणजे संप्रेरक गाववील, पण काय गावे ते शिकविणार नाही.

ओढ अंगी उपजते यात पक्ष्याचे कर्तृत्व नाही, माणसाचेही नाही. क्रोध, वासना, वात्सल्य ही न मागताच येतात. म्हणून कोणाच्या वासनेस दोष देताना आम्ही कचरू. पण तिचे त्याने पुढे काय केले, हे विचारण्याचा हक्क सोडणार नाही. पक्ष्यास असा प्रश्न घालता येईल काय, याविषयी मात्र आमचे मन अद्याप साशंक आहे.