भट्टीजवळचा माणूस





येत्या बुधवारी आपण कपाळावर राख घेऊन उपवासकाळाला आरंभ करणार आहोत. राख ही अग्नीची खूण आहे, आणि पवित्र शास्त्रात अग्नी ही पुष्कळदा संकटाची खूण आहे. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धेची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी करतात. मलाखी संदेष्टा परमेश्वराला चांदी गाळणाऱ्याची उपमा देतो. हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, कुणाच्या घरी दुःख आले म्हणजे आपल्या तोंडून सहज निघून जाते, “देव परीक्षा पाहतो आहे. धीर धरा. सोने आगीतच उजळते.” एवढे बोलून आपण चपला घालतो आणि घरी येतो.

हे बोलणे खोटे नाही, पण अर्धे आहे. राहिलेले अर्धे आज समजून घेऊ या. त्यासाठी कॉफी भाजण्याच्या एका कारखान्याचा दाखला घेत आहोत.

जानेवारीत आपल्या धर्मग्रामातील आम्ही चाळीस जण कर्नाटकातील चिकमगळूरला सहलीसाठी गेलो होतो. कोकण रेल्वेने मंगळूर गाठले आणि तेथून बसने चार्माडी घाट चढून गेलो. रविवारची मिस्सा तेथील संत जोसेफ कॅथेड्रलमध्ये कानडी भाषेत ऐकली. शब्द कळत नव्हते, पण कुठे उभे राहावे आणि कुठे गुडघे टेकावे हे लहान मुलांनाही कळत होते. या जिल्ह्यातच बाबा बुडनगिरीचे डोंगर आहेत. बाबा बुडन नावाच्या सुफी साधूने सतराव्या शतकात हजच्या यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि या डोंगरांवर लावल्या, अशी परंपरा आहे. आज भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

सोमवारी आम्हांला कॉफी भाजण्याचा कारखाना दाखवण्यात आला. माहिती देणारी तरुणी सोप्या हिंदीत बोलत होती. प्रथम तिने गोदामात नेले. झाडावरच्या लाल फळाला तिकडे चेरी म्हणतात. फळ सोलून वाळवले की आत बहुधा दोन बिया मिळतात. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो कच्ची कॉफी निघते. तिने एक पोते उघडून ओंजळभर बिया आमच्या हातांवर ठेवल्या. रंग हिरवट करडा, दाणा खड्यासारखा टणक आणि वास वाळल्या गवताचा. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “ही कॉफी? हिला तर कॉफीचा वासच नाही.”

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा एक विचार शिकवला जातो. वस्तूमध्ये जे दडलेले असते ते आपले आपण प्रकट होत नाही. जे आधीच प्रकट आहे, त्याचा हात लागावा लागतो. संत थॉमस अक्विनास यांनी हाच विचार पुढे नेला. पोत्यातल्या त्या बियांत सुगंध होता, पण दडलेला होता. तो बाहेर काढणारा अग्नी पुढच्या दालनात होता.

तेथे लोखंडाचा एक मोठा ड्रम आडवा बसवलेला होता. तो खालून तापवतात आणि फिरता ठेवतात. कच्च्या बिया वरून आत सोडल्या. सुरुवातीला बियांतले पाणी निघून जाते. मग हिरवा रंग पिवळा होतो आणि भाजलेल्या पावासारखा वास येऊ लागतो. पुढे रंग तपकिरी होतो आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास बिया तडतडू लागतात. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तो आवाज होता. या वेळी बी फुगते, तिच्यावरचे पातळ फोलपट सुटते आणि ज्या वासासाठी आपण कॉफी पितो, तो वास दालनभर पसरतो. या सगळ्याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात.

येथवर आपले नेहमीचे प्रवचन तयार होते: अग्नी नाही तर सुगंध नाही. पण त्या भट्टीपाशी उभे असताना आम्हांला आणखी काही गोष्टी दिसल्या. त्याच आज महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट. ड्रम क्षणभरही थांबत नव्हता. बी तापलेल्या लोखंडाला एकाच जागी चिकटून राहिली तर बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. हे आमच्या बायकांना समजावून सांगावे लागले नाही. उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या भाजताना कालथा थांबला की काय होते, हे त्यांना ठाऊक आहे. दुःखाचेही असेच आहे. एकच विचार घेऊन, एकाच खोलीत, एकटा पडलेला माणूस भाजून तयार होत नाही, तो करपतो. त्याला कुणीतरी हलवावे लागते: चर्चला चला, बाजारात चला, जरा ओटीवर येऊन बसा.

दुसरी गोष्ट. भट्टीजवळ पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणत. ड्रमला एक लांब दांड्याची पळी बसवलेली असते. ती बाहेर ओढून ते चार बिया पाहत, वास घेत, पळी परत आत सारत. शेवटच्या मिनिटांत तर हे सारखे चालले होते. यंत्रावर तापमानाचे आकडे दिसत होते, तरीही कान तडतडीकडे आणि डोळे पळीकडे. आम्ही विचारले, “मध्येच चहाला जाता येत नाही का?” ते हसले. म्हणाले, “फादर, आग आहे. आगीला सोडून जायचे नसते.” बिया मर्यादेपलीकडे भाजल्या तर ड्रममध्येच पेट घेऊ शकतात, असे नंतर त्या तरुणीने सांगितले.

आता मलाखीचा तिसरा अध्याय घरी जाऊन पुन्हा वाचा. चांदी गाळणारा तेथे बसणार आहे, असे संदेष्टा सांगतो. ‘बसणे’ हा शब्द आपण वाचतो आणि सोडून देतो. देव भट्टी पेटवून निघून जात नाही, तो भट्टीजवळ बसतो. दानिएलच्या पुस्तकात तिघा तरुणांना आगीच्या भट्टीत टाकले, तेव्हा राजाला आत चार जण चालताना दिसले. आग का लागली याचे उत्तर त्या तिघांना आत कुणी दिल्याचे लिहिलेले नाही. चौथा त्यांच्याबरोबर होता, एवढेच लिहिले आहे.

तिसरी गोष्ट. अण्णांनी ठरल्या क्षणी दार उघडले आणि सगळ्या बिया बाहेरच्या पसरट थाळ्यात ओतल्या. तेथे लोखंडी हात त्यांना ढवळत होते आणि खालून हवा ओढली जात होती. आगीतून काढल्यावरही बी आतल्या उष्णतेने भाजतच राहते, म्हणून ती झपाट्याने निववावी लागते. बंधुभगिनींनो, आपल्याला वाटते की अंत्यविधी झाला, ऑपरेशन झाले, कोर्टाचा निकाल लागला, म्हणजे संकट संपले. पण माणूस आतून भाजतच असतो. अंत्यविधीला घर भरते. सातव्या दिवसाच्या मिस्सेलाही माणसे येतात. महिन्याच्या मिस्सेनंतर दार वाजत नाही. खरी सोबत तेव्हा हवी असते.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवली पाहिजे. शंभर किलो कच्ची कॉफी भाजली की हाती ८० ते ८५ किलोच उरते. आणि भाजलेली बी पुन्हा कधी रुजत नाही. सुगंध मिळतो, पण काहीतरी कायमचे जाते. म्हणून ज्या आईचे मूल गेले आहे, तिला “यातून तुमचे भलेच होईल” असे सांगायला जाऊ नका. तिचे जे गेले ते गेले आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते चांगले मित्र होते. ते कारणे सांगू लागले आणि बिघडले. गेथशेमनीच्या बागेत स्वतः प्रभू येशूने, हा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली. शिष्यांकडून त्याने स्पष्टीकरण मागितले नाही. त्याने फक्त जागे राहायला सांगितले, आणि ते झोपी गेले.

थाळ्यातल्या तपकिरी बियांत मधूनच काही फिकट बिया दिसत होत्या. ती तरुणी म्हणाली, “ही कच्ची तोडलेली फळे. पोत्यात ओळखू येत नाहीत, भाजल्यावर दिसतात. कितीही भाजा, यांना रंग चढत नाही.” आपल्यातही काही माणसे दुःखातून गोड होऊन निघत नाहीत. ती चिडकी होतात, चर्चला येणे सोडतात. लगेच आपण म्हणतो, यांची श्रद्धाच कच्ची. पण फळ कच्चे तोडले गेले, हा बीचा दोष असतो का? कुणाला आठवीतच शाळा सोडून कामाला जावे लागले, कुणाचे बाळपण बापाच्या दारूत गेले. कारखान्यात अशा बिया वेचून बाजूला काढतात. ख्रिस्तसभेला तसे करण्याची मुभा नाही.

तेव्हा या उपवासकाळात मटण-मासळी वर्ज्य कराच, क्रुसाच्या वाटेलाही या. पण त्याबरोबर प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीतले एक घर निवडावे. ज्या घरातले माणूस वर्षभरात देवाघरी गेले आहे, जेथे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागते, जेथे कुणी दारू सोडण्याची धडपड करीत आहे, असे घर. चाळीस दिवसांत निदान चार वेळा तेथे जा. काही न्यायलाच हवे असे नाही. उपदेश करू नका, आपली दुःखे सांगू नका, घड्याळ पाहू नका. दवाखान्यात सोबत लागेल, रेशनच्या रांगेत उभे राहावे लागेल, तेवढे करा. ते रडले तर रडू द्या. ते देवावर रागावले तर देवाची वकिली करू नका. त्याला वकील लागत नाही. विभागप्रमुखांनी अशा घरांची नावे चर्चमध्ये वाचून दाखवू नयेत, ती आपापसांतच ठेवावीत.

भट्टीत चौथा होऊन उतरणारा आपला प्रभू तुम्हांला दुसऱ्याच्या आगीपाशी थांबण्याचे बळ देवो, आणि तुमच्या घरी आग आली तर तुमच्यापाशी थांबणारी माणसे देवो.

प्रभू येशूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू